मेयो, बर्डी, अजबबंगला आणि टॅग

नागपूर स्टेशनातून बाहेर पडा आणि ऑटोवाल्याला सांगून बघा, 'इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय'. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि म्हणेल, "कुठी?" मग तुम्ही 'मेयो' म्हणा. "हाव, मंग तसं सांगा नं भाऊ. बसा."

मध्यवर्ती संग्रहालयाचंही तसंच. १८६३ साली सुरू झालेली संस्था, पाटीवर रीतसर नाव, पण गावाच्या तोंडी तो अजबबंगला. सीताबर्डीला 'सीताबर्डी' फक्त नकाशा म्हणतो. माणसं बर्डीला जातात. ही नावं कुठल्या समितीनं ठरवलेली नाहीत. कोणीतरी आपल्या सोयीसाठी म्हटलं, दुसऱ्यानं उचललं, आणि एक दिवस बाहेरून आलेल्यालाही तेच शिकावं लागलं. सरकारी कागदावर लांब नाव चालतं, ऑटोत आखूड. दोन्ही नावं एकाच इमारतीची, पण दोन वेगळ्या गरजांनी ठेवलेली.

इंटरनेटवर आपण फोटोला, लेखाला, व्हिडिओला जे टॅग लावतो ते या ऑटोतल्या नावांच्या जातीचे. आणि त्या सुट्या, बेशिस्त, कोणीही कसेही टाकलेल्या शब्दांतून लाखो गोष्टींची मांडणी कशी उभी राहते, हा या लेखाचा विषय. ती उभी राहते हे खरं आहे. ती कधी कोसळते, तेही पुढे येईलच.

आधी टॅग नव्हते तेव्हाची गोष्ट. ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर राहू शकतं, ही सगळ्या जुन्या वर्गीकरणांची मूळ अडचण. समजा संत्र्याच्या व्यापाराचा इतिहास सांगणारं पुस्तक आलं. शेतीत ठेवायचं, अर्थशास्त्रात की इतिहासात? ग्रंथपालाला एक जागा निवडावीच लागते. मेल्विल ड्यूईनं १८७६ साली दशांशावर चालणारी पद्धत काढली आणि जगभरच्या ग्रंथालयांनी ती उचलली. त्या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. म्हणजे पुस्तक कुठल्याही देशातल्या ड्यूई पाळणाऱ्या ग्रंथालयात गेलं तरी त्याचं घर ठरलेलं. सोय मोठीच आहे. पण याच पद्धतीत धर्माचा विभाग २०० पासून सुरू होतो, आणि त्यातली २८९ पर्यंतची जवळपास सगळी जागा ख्रिस्ती धर्माला. उरलेल्या जगाचे सगळे धर्म २९० च्या दहा आकड्यांत कोंबलेले. जो कपाट बनवतो त्याच्या घरातलं सामान त्यात नीट बसतं, दुसऱ्याचं वळकटी करून ठेवावं लागतं.

यावर आपल्याकडच्या एका माणसानं फार वेगळा विचार केला होता. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, नंतर मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. १९३३ साली त्यांनी कोलन वर्गीकरण मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की विषयाला एका खणात टाकू नका, त्याचे पैलू वेगळे करा. मुख्य वस्तू कोणती, ती कशाची बनली, तिच्यावर काय क्रिया चालली आहे, कुठे आणि केव्हा. 'विसाव्या शतकातलं विदर्भातल्या संत्र्यावरच्या रोगांचं नियंत्रण' असा विषय असेल तर संत्रं, रोगनियंत्रण, विदर्भ, विसावं शतक हे तुकडे पाडायचे आणि मध्ये चिन्हं घालून ओवायचे. आज आपण एका फोटोला चार टॅग लावतो तेव्हा नकळत त्याच रस्त्यावर असतो. फरक एवढाच, की रंगनाथनांचे तुकडे प्रशिक्षित माणूस पाडत होता आणि ओवण्याचा क्रम ठरलेला होता. आपल्या टॅगांना क्रमच नाही.

संगणक आले तेव्हा खरं तर फळीचं बंधन संपलं होतं, कारण फाईलला जागा लागते ती डिस्कवर, आणि ती कुठे आहे याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नसतं. तरी आपण फोल्डर बनवले, फोल्डरात फोल्डर बनवले, म्हणजे पुन्हा कपाटच. माझ्याकडे मारबतीचे फोटो आहेत, बऱ्याच वर्षांचे. (नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडग्ये. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा. कधी महागाई, कधी डेंग्यू, कधी भ्रष्टाचार. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं.) हे फोटो 'सण' मध्ये ठेवू, 'इतवारी' या आमच्या वस्तीच्या फोल्डरात, की सालाच्या? मी तिन्ही करून पाहिलं. शेवटी एकच फोटो तीन ठिकाणी, आणि पाहिजे तेव्हा एकातही नाही.

२००३ साली जोशुआ शॅक्टर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं डिलिशस ही सेवा सुरू केली. काम साधं होतं. वेबवर काही चांगलं सापडलं की त्याची खूण ठेवायची, आणि ती आपल्या ब्राउझरमध्ये न ठेवता त्या साइटवर ठेवायची. खुणेसोबत आपल्याला सुचतील ते शब्द टाकायचे. यादीतून निवडायचे नाहीत, मनाने लिहायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या खुणा दुसऱ्यांना दिसणार आणि त्यांच्या तुम्हाला. पुढच्याच वर्षी फ्लिकर आलं आणि फोटोंचं तसंच झालं. २००५ संपेपर्यंत दोन्ही याहूनं विकत घेतली होती. २००४ मध्येच थॉमस व्हँडर वॉल या माहितीरचनाकारानं या प्रकाराला नाव दिलं, 'फोक्सॉनॉमी'. 'फोक' म्हणजे लोक आणि 'टॅक्सॉनॉमी' म्हणजे वर्गीकरणाचं शास्त्र, यांची ती संधी. लोकगीत, लोककथा, तसं लोकवर्गीकरण म्हणायला हरकत नाही.

आता यंत्राच्या बाजूनं बघू. तुम्ही एक टॅग लावता तेव्हा मागे तीन गोष्टींची एक नोंद होते: कोणी लावला, कशाला लावला, कोणता शब्द लावला. बस. पण या तिन्हींपैकी कुठल्याही टोकाला धरून ओढता येतं. शब्द धरला तर त्या शब्दाच्या सगळ्या वस्तू येतात. वस्तू धरली तर तिला लोक काय काय म्हणतात ते कळतं. माणूस धरला तर त्याची आवड दिसते, आणि त्याच्यासारखेच टॅग लावणारा दुसरा कोण, हेही. शिवाय कोणते शब्द वारंवार एकाच वस्तूवर शेजारी-शेजारी बसतात, ते मोजता येतं. 'तर्री' जिथे असेल तिथे 'पोहे' बहुतेक असणारच, आणि 'सावजी' सोबत 'रस्सा'. यंत्राला तर्री खाऊन माहीत नसते. फक्त ही दोन नावं जोडीनं फिरतात, एवढं त्याला दिसतं, आणि 'तर्री' शोधणाऱ्याला पोह्यांकडे न्यायला तेवढं पुरतं.

जोडीचा दुसरा उपयोग म्हणजे एका शब्दाचे अर्थ वेगळे करणं. नागपुरात 'मेडिकल' म्हटलं तर काय? शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 'मेडिकल', त्याच्या समोरचा चौक 'मेडिकल', आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान तर सगळ्या महाराष्ट्रातच 'मेडिकल'. माणूस बोलण्याच्या ओघात समजून घेतो. यंत्र शेजाऱ्यांकडे बघतं: 'मेडिकल' च्या बाजूला 'सिग्नल', 'ट्रॅफिक' असेल तर तो एक पुंजका, 'गोळ्या', 'पावती' असेल तर दुसरा, 'ओपीडी', 'वॉर्ड' असेल तर तिसरा. फ्लिकरनं २००५ मध्ये असे पुंजके दाखवायला सुरुवात केली होती.

इथे कोणालाही पडणारा प्रश्न असा, की हजार लोक मनाला येईल ते लिहितात तर नुसता कालवा का होत नाही?

ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतले स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी डिलिशसच्या नोंदी तपासून २००६ साली जे प्रसिद्ध केलं, ते मला या विषयातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण वाटतं. एखाद्या पानाला सुरुवातीला लोक कसेही टॅग लावतात. पण साधारण पहिल्या शंभर जणांनी खूण केल्यानंतर कुठल्या शब्दाचा वाटा किती, ते प्रमाण जवळपास थांबतं. पुढे आणखी कितीही लोक आले तरी ते फारसं हलत नाही. कोणी ठरवलेलं नसताना एकमत होतं, आणि अल्पमतही पुसलं जात नाही. त्याचा छोटा वाटा तसाच टिकून राहतो.

हे कसं, ते समजायला एक पिशवी घ्या. तिच्यात एक लाल आणि एक पिवळी गोटी. न बघता एक काढा, जी निघेल ती परत टाका आणि त्याच रंगाची आणखी एक टाका. पुन्हा काढा. सुरुवातीच्या दहा-वीस वेळा प्रमाण इकडून तिकडे धावतं, मग हळूहळू एका जागी बसतं, कारण पिशवीत शंभर गोट्या झाल्यावर एका गोटीनं काय फरक पडणार? टॅगांत 'तीच गोटी परत टाकणं' म्हणजे आधीच्यांनी लिहिलेला शब्द बघून आपणही तोच लिहिणं. पण नुसतं अनुकरण नाही. लोकांना काही गोष्टी मुळात सारख्याच माहीत असतात. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो पाहून दहा नागपूरकर एकमेकांना न विचारता 'दीक्षाभूमी' च लिहितील. अनुकरण आणि सामायिक माहिती, दोन्ही मिळून प्रमाण बसतं.

त्याच अभ्यासात टॅग कशाकशासाठी लावले जातात याची फोड केली होती. वस्तू कशाबद्दल आहे, वस्तू काय आहे (लेख, पुस्तक), कोणाची आहे, कशी आहे (मजेदार, भंगार), माझं तिच्याशी नातं काय, आणि तिचं मी पुढे काय करणार. 'वाचायचंय' हा डिलिशसच्या काळातला फार लाडका टॅग. जगातल्या कुठल्याही ग्रंथालयाच्या तालिकेत 'वाचायचंय' हा विषय मिळणार नाही. माझ्या संगणकात आहे, त्यात गेल्या सहा वर्षांच्या नोंदी आहेत, आणि त्यांतलं मी काय वाचलं ते विचारू नका.

म्हणजे टॅग ही मुळात खूणगाठ आहे. आजी पदराला गाठ मारायची, अमुक आणायचं लक्षात राहावं म्हणून, तशी. गाठ स्वतःसाठी मारलेली असते. आमच्या घरचा एक सामायिक फोटोसंग्रह आहे, भाऊ-बहिणी, आत्या, मामेभाऊ सगळे त्यात फोटो टाकतात आणि खाली शब्द लिहितात. आत्याला टॅग म्हणजे काय ते भाच्यानं समजावलं. तिनं मारबतीच्या एका जुन्या फोटोला एकच शब्द लावला, 'ओटा'. आम्हाला वाटलं चुकून पडला. फोटोत ओटा कुठे आहे? मग लक्षात आलं, फोटो आमच्या इतवारीतल्या जुन्या घराच्या ओट्यावरून काढलेला आहे. ओटा दिसत नाही, कारण काढणारा त्यावर उभा आहे. नंतर मामेभावानं त्याच्या फोटोला तो शब्द लावला, मग मी. आता 'ओटा' टाकलं की चाळीसेक फोटो येतात: मारबती, वराती, पावसात तुंबलेली गल्ली, कोणाची तरी जाणारी रिक्षा. ते घर पाडलं गेलं आहे. कुठल्याही ग्रंथपालानं किंवा यंत्रानं हे चाळीस फोटो एकत्र आणले नसते, कारण त्यांच्यात दिसणारं सारखं असं काहीच नाही.

असे टॅग किती जण लावतात त्यावरून व्हँडर वॉलनं दोन प्रकार पाडले होते. एकाच वस्तूला अनेक माणसं आपापले टॅग लावतात ती व्यापक पद्धत, डिलिशससारखी. वस्तूचा मालक, फार तर त्यानं मुभा दिलेले दुसरे, टॅग लावतात ती अरुंद, फ्लिकरसारखी. शंभर गोट्यांचं गणित पहिल्या प्रकाराला लागू पडतं. दुसऱ्यात एका फोटोला बहुतेक वेळा एकच माणूस टॅग लावणार, मतदानच नाही. तिथे सगळी भिस्त त्या एकाच्या शब्दावर.

आणि शब्द माणसागणिक बदलतो. मी फोटोला 'संत्री' लिहीन. कळमन्याच्या बाजारातला अडत्या लिहील 'मृग' किंवा 'आंबिया', कारण त्याच्या लेखी ती दोन वेगळी फळं आहेत. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चकडे, आणि भावही वेगळा. संत्रा संशोधनातला शास्त्रज्ञ आणखी तिसरंच लिहील. तिघंही बरोबर. पण तिघांचे फोटो एकमेकांना कधी भेटणार नाहीत, जोवर एखादा चौथा माणूस एकाच फोटोला 'संत्री' आणि 'मृग' दोन्ही लावत नाही. अशा दुव्याच्या माणसांवर ही व्यवस्था किती अवलंबून आहे, हे सहसा बोललं जात नाही.

इथवरचं कुठल्याही भाषेला लागू आहे. मराठीत आपली म्हणून खास दुखणी आहेत.

पहिलं, विभक्ती. 'नागपूर', 'नागपुरात', 'नागपूरची', 'नागपुरी' हे यंत्राला चार शब्द. हॅशटॅग वाक्यातच घालायची सवय असल्यामुळे लोक त्याला प्रत्ययासकट चिकटवतात. दुसरं, बोली. पुण्याकडचा 'संत्रं' लिहितो, आम्ही 'संत्रा', अनेकवचनात 'संत्री', बाजारात 'संतरा' पण ऐकू येतं. तिसरं, लिपी. अर्धे लोक रोमन लिपीत लिहितात आणि तर्रीच्या शेवटी कोण 'आय' लावतं, कोण 'वाय'. चौथं, हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, म्हणून 'तर्री पोहे' चं 'तर्रीपोहे' होतं, आणि मधे खालची रेघ टाकणारे तिसरेच.

पण सगळ्यात गमतीचं दुखणं डोळ्यांना दिसतच नाही. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा, पापणीसारखा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, जोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य सांधणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, 'वऱ्हाड' आणि 'वर्‍हाड'. आतून दोन वेगळ्या अक्षरमाळा. एकानं पहिल्या रीतीनं लावलेला टॅग दुसऱ्याला दुसऱ्या रीतीनं शोधताना सापडेलच असं नाही. ज्याच्या कीबोर्डवर दोन्ही जमत नाही तो 'वर्हाड' लिहून मोकळा होतो, ती तिसरी तऱ्हा. ('तऱ्हा' लिहितानाही तोच घोळ.) 'ॲम्ब्युलन्स' मधला ॲ तसाच. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे आणि बरेच जण अजूनही तसंच करतात. युनिकोडच्या नियमांत ही दोन रूपं एकमेकांची समरूपं मानलेली नाहीत, त्यामुळे नेहमीची सफाई करूनही ती एक होत नाहीत. म्हणजे दोन माणसांनी एकच शब्द, एकाच शुद्धलेखनात, मनापासून लिहिला तरी त्यांची गाठ पडत नाही. यूट्यूब आपल्या मदतीच्या पानावर सांगतं, की व्हिडिओ सापडण्यात टॅगांचा वाटा अगदी कमी, पण लोक ज्याचं स्पेलिंग हमखास चुकवतात अशा शब्दांसाठी ते कामाचे. मराठीत तर न चुकताही गरज पडते.

मग यावर उपाय काय करतात? एक टोक म्हणजे शिस्त. प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग, आणि नवा टॅग काढायचा हक्क पंधराशे गुण कमावलेल्यालाच. समानार्थी टॅग एकमेकांना जोडून ठेवतात, तुम्ही एक लिहिला की दुसरा होतो. तांत्रिक विषयात हे चालतं, कारण तिथे शब्दांवर फारसा वाद नाही.

मला आवडतो तो दुसरा मार्ग, आर्काइव्ह ऑफ अवर ओन या संग्रहाचा, जिथे चाहते आपल्या आवडत्या पात्रांवर स्वतः लिहिलेल्या कथा टाकतात. तिथे लेखकानं काय टॅग लिहावा यावर बंधन नाही, पूर्ण वाक्यही चालतं. मागे मात्र स्वयंसेवक बसलेले असतात. ते लेखकाचा शब्द बदलत नाहीत; फक्त आतल्या आत हा शब्द, तो शब्द आणि तो तिसरा, हे एकाच गोष्टीचे आहेत असं बांधून ठेवतात. वाचक कुठूनही आला तरी सगळं सापडतं आणि लिहिणाऱ्याचं लेखन जसंच्या तसं राहतं. या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मराठीत कोणी असं काही उभारलं, तर 'वऱ्हाड' च्या तिन्ही तऱ्हा पहिल्याच दिवशी एका दाव्याला बांधता येतील.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी बनवलेल्या नकाशातही सगळं टॅगांवरच चालतं. प्रत्येक टॅग म्हणजे एक किल्ली आणि तिची किंमत: ही रेघ 'रस्ता' आहे, प्रकार 'निवासी'. कोणीही नवी किल्ली काढू शकतं, पण कोणती किल्ली किती वेळा वापरली गेली ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे लोक आपोआप चाललेल्या वाटेनं जातात. आणि तिथे एका जागेला अनेक नावं ठेवायची सोय आहे: मुख्य नाव, मराठीतलं नाव, पर्यायी नाव, स्थानिक नाव. म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आणि अजबबंगला दोन्ही, भांडण न करता.

संग्रहालयांवरून आठवलं. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपले काही हजार जुने फोटो फ्लिकरवर टाकले आणि लोकांना म्हटलं, लावा टॅग. आत बसलेले वर्गीकरणाचे महामुनी धास्तावले असतील, अशी माझी कल्पना. पहिल्या दहाएक महिन्यांत अडीच हजारांवर लोकांनी ६७ हजारांवर टॅग लावले. अयोग्य म्हणून काढावं लागलं असं पंचवीसही नव्हतं. त्याहून महत्त्वाचं, लोकांनी खाली लिहिलेल्या माहितीवरून ग्रंथालयानं आपल्या पाचशेवर नोंदी सुधारल्या: ही इमारत अमुक गावची, हा माणूस तमुक. तज्ज्ञांनी तालिका फेकून दिली नाही, लोकांचे टॅगही नाकारले नाहीत. लोकांच्या लिहिण्यातून जे पक्कं ठरलं ते तालिकेत गेलं, टॅग टॅग म्हणूनच राहिले.

आता कोसळण्याची गोष्ट. २३ ऑगस्ट २००७ ला ख्रिस मेसिना यानं ट्विटरवर सुचवलं, की गटांसाठी शब्दाआधी जाळीचं चिन्ह (#) लावलं तर? त्याच ऑक्टोबरात सॅन दिएगोच्या वणव्याच्या बातम्या लोकांनी तसं चिन्ह लावून दिल्या. २००९ पासून ट्विटरनं असे शब्द दाबता येतील असे केले, २०११ मध्ये इन्स्टाग्रामनं ही पद्धत उचलली, २०१३ मध्ये फेसबुकनं. दिसायला हा टॅगच. पण त्याचं तोंड फिरलं होतं. डिलिशसवरचा टॅग मी मला सापडावं म्हणून लावत होतो. हॅशटॅग मी तुम्हाला दिसावं म्हणून लावतो. खूणगाठीची दवंडी झाली.

दवंडीचे फायदे आहेतच. आपत्तीत, आंदोलनात ती लागते. पण वर्गीकरण म्हणून ती कच्ची, कारण दवंडी पिटणाऱ्याला खरं सांगण्यापेक्षा गर्दी जमवण्यात रस असतो. सावजी मटणाच्या फोटोखाली त्या दिवशी गाजत असलेल्या क्रिकेट सामन्याचा, सिनेमाचा आणि 'प्रेम' चा हॅशटॅग का असतो, हे कोणाला समजावून सांगायला नको. ही युक्ती टॅगांपेक्षा जुनी आहे. वेबपानाच्या पोटात, वाचकाला न दिसणारे शोधशब्द लिहायची एक जागा असायची. लोकांनी तिच्यात इतका कचरा भरला, की २००९ मध्ये गूगलनं जाहीरच केलं, क्रम लावताना आम्ही तिच्याकडे बघत नाही.

आणि तरीही, या दवंडीच्या गोंगाटातून यंत्रं शिकलीच. २०१८ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी इन्स्टाग्रामवरची साडेतीन अब्ज चित्रं आणि त्यांच्याखालचे सुमारे सतरा हजार हॅशटॅग घेऊन संगणकाला चित्रं ओळखायला शिकवलं. प्रत्येक चित्राला कोणी पगारी माणसानं नाव दिलं नव्हतं. लोकांनी हौसेनं लिहिलेलं तेवढंच. आकडा इतका मोठा होता, की खोटेपणा त्यात बुडून गेला. आज तुमचा फोन 'बैल' टाकल्यावर बैल काढून देतो त्यामागे अशा खटाटोपांचा हात आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणि खरा बैल यांतला फरक मात्र त्याला अजून माझ्यासमोर धड करता आलेला नाही, आणि ओट्यावरून काढलेला फोटो ओट्यावरून काढला आहे हे तर त्याला कधी कळणार, देव जाणे.

परवा आमच्या घरच्या संग्रहात कोणीतरी नवीन फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचे फोटो टाकले आणि त्यांना टॅग लावला 'ओटा'. ग्रॅनाइटचा, गॅस ठेवतात तो. तेव्हापासून 'ओटा' टाकलं की मारबती आणि वरातींच्या मध्ये शेगड्या नि मिक्सर येतात. मी त्यातला एक पुंजका वेगळा करायला बसलो, 'जुना ओटा' असा टॅग काढून चाळीस फोटोंना लावणार होतो. आत्याला फोन करून विचारलं, चालेल का.

"राहू दे नं," ती म्हणाली. "तिकडच्या ओट्यावर किती बसले मी? दिवसभर तर या ओट्यापाशीच उभी होते."